थीझमनचा थाइझमन का झाला? कॉलेज फुटबॉलच्या पुरस्कारांमागचं नावाचं गणित

डिसेंबर २०२५. रविवारची सकाळ, साडेसहाचा सुमार, आणि भाचीचा फोन. ती अमेरिकेत इंडियाना विद्यापीठात शिकते. तिकडे शनिवारची रात्र होती आणि मागे एवढा गोंगाट, की मला वाटलं ही कुणाच्या तरी वरातीतून बोलतेय. "मामा, आपल्या मेंडोझाला हाइझमन मिळाला!" आपल्या म्हणजे तिच्या विद्यापीठाच्या फर्नांडो मेंडोझाला. त्याला तिनं फक्त स्टेडियमच्या वरच्या रांगेतून, मुंगीएवढा पाहिलाय.

वर्तमानपत्र मागून उघडणाऱ्यांपैकी मी एक, त्यामुळे हाइझमन ट्रॉफी म्हणजे अमेरिकन कॉलेज फुटबॉलमधला सर्वांत मानाचा वैयक्तिक पुरस्कार, एवढं ठाऊक होतं. पण एक गोष्ट डोक्यात अडकली. चारच महिन्यांपूर्वी, ऑगस्टमध्ये, हा पुरस्कार टेक्सस विद्यापीठाच्या आर्च मॅनिंगला मिळणार अशी हवा होती. सट्टा तिकडे बऱ्याच राज्यांत कायदेशीर आहे, आणि सट्ट्याच्या कंपन्यांनीही त्यालाच सर्वांत वर ठेवलं होतं. आणि तोवर आर्चनं कॉलेजच्या सामन्यांत सुरुवातीपासून संघ खेळवला होता फक्त दोनदा. दोन सामन्यांच्या पुण्याईवर देशातला सर्वोत्तम? पुण्याई त्याची नव्हती, आडनावाची होती. आजोबा आर्ची मॅनिंग, काका पेटन आणि ईलाय: अमेरिकन फुटबॉलमधलं हे घराणं तिथे शेंबड्या पोरालाही माहीत आहे. दोन्ही काकांनी व्यावसायिक लीगचं अजिंक्यपद दोन-दोनदा मिळवलंय.

म्हणजे ऑगस्टमध्ये नाव जिंकत होतं आणि डिसेंबरमध्ये मेंडोझा जिंकला. मग या पुरस्कारात नावाला किंमत आहे की नाही? आहे, आणि पुष्कळ आहे. पण ती नेमकी कुठे लागू पडते, ते पाहायला थोडं मुळापासून जावं लागेल.

आधी खेळाची तोंडओळख

हा फुटबॉल आपला नव्हे. चेंडू अंड्याच्या आकाराचा, आणि तो बहुतेक वेळ हातात असतो. एका वेळी अकरा जण आक्रमणाला, समोर अकरा जण बचावाला. व्यावसायिक लीगच्या खालोखाल, आणि कित्येक गावांत तिच्याहून जास्त, लाडका असतो कॉलेजचा संघ. ओहायो स्टेट विद्यापीठाच्या स्टेडियममध्ये लाखाच्या वर माणसं बसतात, आणि भरतातही. वरच्या श्रेणीत सव्वाशेच्या वर संघ आहेत. प्रत्येकाचे साखळीत साधारण १२ सामने होतात, ऑगस्टअखेरपासून डिसेंबरच्या सुरुवातीपर्यंत, आणि बहुतेक सगळे शनिवारी. हा शनिवार लक्षात ठेवा, पुढे लागेल.

दोनच जागांची नावं सांगतो. आक्रमणात प्रत्येक चालीला चेंडू ज्याच्या हाती येतो आणि तो फेकायचा की दुसऱ्याला द्यायचा हे जो ठरवतो, तो क्वार्टरबॅक. त्याला प्रतिस्पर्ध्यांनी आडवं करू नये म्हणून त्याच्यापुढे भिंत करून उभे राहणारे पाच दांडगे गडी, ते लाइनमन.

हाइझमनची सुरुवात १९३५ ची. न्यूयॉर्कच्या डाउनटाउन अ‍ॅथलेटिक क्लबनं तो दिला, पहिला मानकरी शिकागो विद्यापीठाचा जे बर्वँगर. पुढच्याच वर्षी क्लबचे क्रीडा संचालक आणि जुने प्रशिक्षक जॉन हाइझमन वारले आणि ट्रॉफीला त्यांचं नाव लागलं. एका हातानं समोरच्याला ढकलत धावणाऱ्या खेळाडूचा तो ब्राँझचा पुतळा तिकडे लहान मुलंसुद्धा नक्कल करून दाखवतात.

नियमात लिहिलंय, की पुरस्कार देशातल्या सर्वांत उत्कृष्ट कॉलेज खेळाडूला. उत्कृष्ट म्हणजे काय, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. सगळी गंमत इथून सुरू होते.

मतं कोण देतं?

८७० पत्रकार. देशाचे सहा विभाग केलेत आणि प्रत्येक विभागाला १४५ मतं, म्हणजे एखाद्या दाट वस्तीच्या भागाची दादागिरी नको. त्यांच्या जोडीला याआधीचे हाइझमन विजेते, प्रत्येकी एक मत. आणि सगळ्या चाहत्यांचं मिळून एक मत. कोट्यवधी लोकांना मिळून एक! तेव्हा 'लोकप्रियतेचा पुरस्कार' म्हणताना चाहत्यांवर खापर फोडू नये. त्यांना कुणी विचारतच नाही.

मतदारानं तीन नावं लिहायची. पहिल्याला ३ गुण, दुसऱ्याला २, तिसऱ्याला १. आपल्याकडे विधान परिषदेला पसंतीक्रमानं मतदान होतं, कागद तसाच दिसतो; पण इथे मतं एकाकडून दुसऱ्याकडे जात नाहीत, नुसती गुणांची बेरीज होते.

ही बेरीज कशी चकवते, ते २००८ मध्ये दिसलं. फ्लोरिडाच्या टिम टीबोला पहिल्या पसंतीची सर्वांत जास्त मतं मिळाली, ३०९. ओक्लाहोमाच्या सॅम ब्रॅडफर्डला ३००, टेक्ससच्या कोल्ट मकॉयला २६६. तरी जिंकला ब्रॅडफर्ड, १७२६ गुणांनी. मकॉय १६०४. टीबो १५७५ गुणांनी तिसरा! कारण दुसऱ्या पसंतीची ब्रॅडफर्डकडे ३१५ मतं होती आणि टीबोकडे २०७. टीबो ७५० मतपत्रिकांवर होता, ब्रॅडफर्ड ८११ वर. म्हणजे या पद्धतीत नुसते कट्टर समर्थक असून भागत नाही. जे तुम्हाला पहिलं मानत नाहीत, त्यांनाही मत लिहिताना तुमचं नाव आठवावं लागतं.

साठ नाट्यगृहं, एक परीक्षक

आता तो शनिवार. अशी एकांकिका स्पर्धा डोळ्यापुढे आणा, जिथे एकाच दिवशी पन्नास-साठ नाट्यगृहांत प्रयोग लागलेत. दुपारी बाराला काही, साडेतीनला काही, रात्री उशिरा आणखी काही. परीक्षक एक, आणि त्याला सगळ्या प्रयोगांतून सर्वोत्तम नट निवडायचाय. तो काय करेल? जिथे आधीच बोलबाला आहे तिथे जाईल. उरलेल्यांचं दुसऱ्या दिवशी पेपरात वाचेल.

वर हा परीक्षक मोकळाही नाही. हे पत्रकार पोटापाण्यासाठी कुठल्या ना कुठल्या एका संघाचं वार्तांकन करतात. शनिवारी दिवसभर ते त्या मैदानाच्या पत्रकार कक्षात असतात, सामना संपला की बातमी देण्याची घाई. घरी सोफ्यावर बसून चार चॅनेल चाळणारा चाहता कदाचित त्यांच्यापेक्षा जास्त खेळाडू पाहत असेल. आपल्या संघाबद्दल त्यांना अंतर्बाह्य माहिती असते. तीन हजार मैलांवरच्या खेळाडूबद्दल मात्र तेही तुमच्याआमच्यासारखे, क्लिपा आणि चर्चांवर अवलंबून.

यात मला लबाडी दिसत नाही. जे प्रत्यक्ष पाहता येत नाही त्याच्याबद्दल मत द्यायची वेळ आली, की माणूस ओळखीच्या नावाचा आधार घेतो. परक्या गावात जेवायचं झालं तर ज्या खाणावळीचं नाव कानावर आलंय तिथेच आपण शिरतो, शेजारची चाखून पाहत बसत नाही.

कालचं अनोळखी नाव, आजचं प्रसिद्ध

या सवयीवर मानसशास्त्रात एक सुंदर प्रयोग आहे. १९८९ मध्ये लॅरी जेकबी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी कॅनडात काही लोकांना नावांची एक यादी वाचायला दिली. सगळी अनोळखी माणसांची नावं, आणि तसं स्पष्ट सांगितलेलंही. त्यातलं एक नाव सेबॅस्टियन वाइसडॉर्फ. मग नवी-जुनी, प्रसिद्ध-अप्रसिद्ध अशी नावं मिसळून विचारलं, यातलं प्रसिद्ध कोण? लगेच विचारलं तेव्हा लोक फसले नाहीत. हे नाव आत्ताच यादीत वाचलं, हे ध्यानात होतं. दुसऱ्या दिवशी विचारलं तेव्हा मात्र आदल्या दिवशीची अनोळखी नावं बरीचशी 'प्रसिद्ध' ठरली. नाव कुठे वाचलं हे विसरलं गेलं, वाचलंय एवढी ओळख उरली. आणि त्या ओळखीलाच मनानं मोठेपणा समजून घेतलं.

आता हाइझमनचा मोसम यावर ठेवून पाहा. जुलै-ऑगस्टमध्ये, एकही सामना झालेला नसताना, 'लक्ष ठेवण्यासारखे खेळाडू' अशा लांबलचक याद्या निघतात. सट्ट्याचे भाव जाहीर होतात. भावांची बातमी होते, बातमी वाचून लोक पैसे लावतात, त्यानं भाव बदलतात, त्याची पुन्हा बातमी. निवडणुकीत 'हवा कुणाची' म्हणतात ना, अगदी तसं: हवा आहे म्हणून लिहायचं आणि लिहिलंय म्हणून हवा. डिसेंबरच्या सुरुवातीला मतदार कागद पुढे घेतो तेव्हा पाच-सहा नावं आपोआप वर येतात. कुठून आली, ते त्यालाही सांगता येणार नाही.

पेटीवर देवगड लिहिलं की

एप्रिलमध्ये आंब्याची पेटी घेताना प्रत्येक फळ कोण हुंगतो? पेटीवर देवगड छापलेलं असलं की हात तिकडे जातो, मग आत भले दुसरीकडचा माल निघो. कॉलेज फुटबॉलमध्ये काही विद्यापीठांची नावं अशी पेटीवरची आहेत. नोत्र दाम, ओहायो स्टेट, ओक्लाहोमा, सदर्न कॅलिफोर्निया: या चौघांकडे सात किंवा त्याहून जास्त हाइझमन आहेत. चांगले खेळाडू मुळात तिथेच जातात हे खरं, त्यामुळे सगळं श्रेय शिक्क्याला देता येत नाही. पण एक साल असं आहे, जिथे शिक्का उघडा पडला.

१९५६. नोत्र दामचा पॉल हॉर्नंग हाइझमन जिंकला. त्या मोसमात त्याच्या संघानं दहापैकी दोन सामने जिंकले होते आणि आठ हरले होते. त्याचे तीन फेकांवर गुण झाले आणि तेरा फेका प्रतिस्पर्ध्यांनी पकडल्या. हरणाऱ्या संघातून हा पुरस्कार मिळवणारा तो एकमेव. त्याच्या बाजूनं बोलायचं तर तो धावायचा, फेकायचा, लाथ मारायचा, बचावालाही उतरायचा. बुडत्या संघातलं सगळं त्याच्याच अंगावर पडलं होतं. पण तो 'गोल्डन बॉय' होता, देखणा, आणि नोत्र दामचा होता. हे विद्यापीठ तेव्हाच देशभरच्या कॅथलिक घरांमधून ऐकलं जाणारं, पाठराखण केलं जाणारं नाव होतं. ओक्लाहोमाच्या टॉमी मॅकडॉनल्डला पहिल्या पसंतीची मतं हॉर्नंगपेक्षा जास्त होती. गुणांत तो तिसरा आला.

आणि पाचवा आला सिरॅक्यूजचा जिम ब्राउन. हा पुढे चेंडू घेऊन धावणाऱ्या सर्वकाळच्या सर्वश्रेष्ठ खेळाडूंमध्ये गणला गेला. ब्राउन कृष्णवर्णीय होता. १९५६ पर्यंत एकाही कृष्णवर्णीय खेळाडूला हाइझमन मिळाला नव्हता. पहिला मिळाला १९६१ मध्ये, ब्राउनच्याच सिरॅक्यूजच्या अर्नी डेव्हिसला. कोणाचं नाव कानावर पडतं आणि कोणाचं पडू दिलं जात नाही, याचा हिशेब नुसत्या प्रसिद्धीच्या खात्यात मांडून चालत नाही.

नाव पेरणारी माणसं

हे सगळं विद्यापीठांना कळत नाही असं थोडंच आहे? १९७० मध्ये नोत्र दामकडे जो थीझमन नावाचा क्वार्टरबॅक होता. घरी सगळे थीझमनच म्हणायचे. विद्यापीठाचे प्रसिद्धी अधिकारी रॉजर वाल्दिसेरी यांनी ठरवलं, आजपासून तू थाइझमन. हाइझमनशी यमक! तेव्हापासून तो जन्मभर थाइझमनच राहिला. यमक जुळलं, ट्रॉफी हुकली: दुसरा आला. पहिला आला स्टॅनफर्डचा जिम प्लंकेट. आणि तिसरा? आर्ची मॅनिंग, म्हणजे आपल्या आर्चचे आजोबा.

१९९० मध्ये ब्रिगम यंग विद्यापीठानं टाय डेटमरसाठी मतदारांना पुठ्ठ्याचे टाय पाठवले. १९९७ मध्ये वॉशिंग्टन स्टेटनं रायन लीफसाठी पाकिटातून झाडाचं पान पाठवलं. इंग्रजीत लीफ म्हणजे पान, बाकी काही लिहायची गरज नाही. २००१ मध्ये ऑरेगननं कमालच केली. जोई हॅरिंग्टनचा दहा मजली उंचीचा फलक त्यांनी थेट न्यूयॉर्कच्या मॅनहॅटनमध्ये लावला, खर्च अडीच लाख डॉलर. विद्यापीठ देशाच्या पश्चिम टोकाला, फलक पूर्व टोकाला. हेतू उघड होता: आमचे सामने तुम्ही पाहत नाही ना, मग निदान चेहरा तरी बघा.

निकाल? डेटमर जिंकला, लीफ तिसरा, हॅरिंग्टन चौथा. डेटमर टायमुळे जिंकला असं म्हणावं, तर त्याच मोसमात त्याच्या संघानं अव्वल क्रमांकाच्या मायामीला हरवलं होतं. बोलणाऱ्याचे कुळीथ विकतात आणि न बोलणाऱ्याचे गहू पडून राहतात हे खरं. पण पुठ्ठ्याच्या टायचं काम पाकीट उघडायला लावण्यापुरतंच. आत गहू लागतातच.

चढाई करणाऱ्याचं नाव होतं

कबड्डीत प्रेक्षक नाव घेऊन ओरडतात ते चढाई करणाऱ्याचं. कोपऱ्यातून पाय धरणारा, साखळी न तोडता पुढे सरकणारा, यांची नावं जाणकारांनाच ठाऊक. फुटबॉलमध्ये हेच दसपट. चेंडू क्वार्टरबॅककडे, म्हणून कॅमेरा क्वार्टरबॅककडे, म्हणून आकडे क्वार्टरबॅकचे, म्हणून ट्रॉफीही. २००० ते २०२५ या २६ वर्षांत २१ वेळा हाइझमन क्वार्टरबॅकला गेलाय.

त्याच्यापुढच्या पाच लाइनमनांच्या जागेवर खेळणाऱ्या एकालाही आजवर तो मिळालेला नाही. जवळ गेला तो ओहायो स्टेटचा जॉन हिक्स, १९७३ मध्ये दुसरा. त्याचं मला फार कौतुक वाटतं, कारण त्या जागेवर सांगायला आकडाच नसतो. 'काल यानं कुणाला आत येऊ दिलं नाही' याची क्लिप कोण पाहणार? म्हणून त्यांच्यासाठी १९४६ पासून वेगळी आउटलंड ट्रॉफी ठेवलीय. वेगळी पंगत मांडली, की मुख्य पंगतीत का नाही हा प्रश्न कुणी विचारत नाही.

बचावपटूंचंही तेच. मुख्यतः बचाव करणारा पहिला विजेता मिळायला १९९७ उजाडावं लागलं: मिशिगनचा चार्ल्स वुडसन. त्यालाही अधूनमधून चेंडू घेऊन पळावं लागलं, तेव्हा कुठे मतदारांच्या डोळ्यांत भरला. त्या वर्षी मागे पडला टेनेसीचा पेटन मॅनिंग, म्हणजे आर्चचा काका. हे घराणं या गोष्टीत सारखं दुसऱ्या-तिसऱ्या नंबरावरच भेटतं.

"पण आता सगळं टीव्हीवर दिसतं की!"

दिसतं. पण दिवसाचे तास वाढले नाहीत. २०१५ मध्ये कॅलिफोर्नियातल्या स्टॅनफर्डच्या ख्रिश्चन मकॅफ्रीनं धावून, झेलून, परतवून एका मोसमात कापलेल्या एकूण अंतराचा २७ वर्षं टिकलेला विक्रम मोडला. बॅरी सँडर्सचे १९८८ चे ३२५० यार्ड होते. मकॅफ्री अखेर ३८६४ वर थांबला. आणि हाइझमनमध्ये दुसरा आला. स्टॅनफर्डचे कित्येक सामने पश्चिम किनाऱ्यावर संध्याकाळी सुरू व्हायचे, तेव्हा न्यूयॉर्कमध्ये रात्रीचे दहा वाजून गेलेले असायचे. सामना संपेपर्यंत मध्यरात्र कधीच उलटलेली. जिंकलेला अलाबामाचा डेरिक हेन्री कच्चा होता असं नव्हे, तोही भन्नाटच खेळला. पण एकाचा प्रयोग संध्याकाळी भरल्या थिएटरात आणि दुसऱ्याचा लोक झोपल्यावर, ही काही बरोबरीची स्पर्धा नव्हे.

"आकडे आहेत ना? आकड्यांना कुठे नाव कळतं?"

या आक्षेपात दम आहे, आणि त्याचं उत्तम उदाहरण १९८९ चं. ह्यूस्टन विद्यापीठाला नियमभंगाबद्दल शिक्षा झाली होती, त्यांचे सामने टीव्हीवर थेट दाखवायला बंदी होती. तरी त्यांचा क्वार्टरबॅक आंद्रे वेअर हाइझमन जिंकला. ज्याला फारसं कुणी पाहिलं नाही तो जिंकला, केवळ आकड्यांवर. मग माझा सिद्धांत कोसळला? थोडा वाकला, हे कबूल. पण त्याचे आकडे असे अचाट होते, की त्या आकड्यांचीच बातमी व्हायची. त्या संघानं एका सामन्यात ९५ गुण केले होते! पडद्याचं दार बंद झालं, तेव्हा नाव छापील आकड्यांच्या खिडकीतून आत शिरलं. नुसते चांगले आकडे असते तर तेवढ्यावर भागलं नसतं.

आणि आकडा स्वतः बोलत नाही, त्याला कुणाविरुद्ध हे विचारावं लागतं. २०२४ मध्ये बॉइझी स्टेटचा अ‍ॅश्टन जेंटी धावण्याच्या विक्रमाच्या उंबरठ्यावर होता. आक्षेप आला, प्रतिस्पर्धी दुबळे होते. जिंकला कोलोरॅडोचा ट्रॅव्हिस हंटर, आक्रमण आणि बचाव दोन्हीकडे जवळजवळ पूर्ण वेळ खेळणारा. त्याचे प्रशिक्षक डिऑन सँडर्स हे या खेळातले एकेकाळचे मोठे तारे, त्यामुळे कॅमेरे त्या संघाच्या दाराशीच मुक्कामाला. तरी हंटरचा विजय मला योग्य वाटतो. मतपत्रिका मोजल्या तर हंटर ८७६ जणांच्या कागदावर होता आणि जेंटी ८८२ जणांच्या. म्हणजे नाव न पोहोचल्यानं जेंटी हरला नाही. नाव पोहोचलं होतं. पहिला कोण, एवढाच वाद उरला होता.

"मग नामवंतच का जिंकत नाहीत?"

कारण नाव दारापर्यंत आणून सोडतं. आतला कार्यक्रम वेगळा. तिथे प्रसिद्धी कधीकधी उलटतेसुद्धा. टीबो २००७ मध्ये जिंकलेला होता. पुढच्या वर्षी त्याची तुलना इतरांशी कमी आणि गेल्या वर्षीच्या टीबोशी जास्त झाली. दोनदा हाइझमन मिळालेला एकच माणूस आहे, ओहायो स्टेटचा आर्ची ग्रिफिन, १९७४ आणि १९७५. त्यानंतरच्या पन्नास वर्षांत कुणीच नाही. मतदारांनाही नवी गोष्ट सांगायला आवडते, शेवटी ते पत्रकार.

मॅनिंग घराण्याचा हिशेब तर ऐकाच. आजोबा आर्ची १९७० मध्ये तिसरे, पेटन १९९७ मध्ये दुसरा, ईलाय २००३ मध्ये तिसरा. आणि आर्चचं काय झालं? ३० ऑगस्ट २०२५, पहिलाच सामना, ओहायो स्टेटविरुद्ध टेक्सस १४-७ नं हरलं. अख्खा देश पाहत होता, कारण नाव मॅनिंग होतं. साधा कुणी अडखळला असता तर दुसऱ्या दिवशी विसरले असते. डिसेंबरमध्ये समारंभाला बोलावलेल्या चौघांत तो नव्हता.

मेंडोझाचा प्रवास याच्या उलटा. क्यूबन वंशाच्या मायामीच्या घरातला मुलगा, कॅलिफोर्नियाच्या बर्कलीहून इंडियानाला आलेला. इंडियाना म्हणजे बास्केटबॉलचं गाव. फुटबॉलमध्ये ते विद्यापीठ पराभवांसाठीच ओळखलं जायचं, हाइझमन तर तिथे कधी आलाच नव्हता. त्यांनी एकेक सामना जिंकत नेला आणि ६ डिसेंबरला, मतदानाच्या अगदी तोंडावर, अव्वल क्रमांकाच्या ओहायो स्टेटला १३-१० नं हरवलं. समोरचा क्वार्टरबॅक जुलियन सेयिन हाही पुरस्काराच्या शर्यतीत. तो शनिवार विभागीय अंतिम सामन्यांचा, म्हणजे साठ नाट्यगृहं बंद आणि मोजकीच उघडी. परीक्षकांना एकमेकांसमोरचे दोन उमेदवार एकाच प्रयोगात बघायला मिळाले. दोघांचेही संघ तोवर अपराजित. अशा वेळी आडनाव कोण विचारतो?

"एका पुतळ्यानं एवढं काय बिघडतं?"

पूर्वी मानाचाच प्रश्न होता. सदर्न कॅलिफोर्नियाच्या रेजी बुशला २००५ चा हाइझमन २०१० मध्ये सोडावा लागला, कारण विद्यार्थी असताना त्यानं आणि घरच्यांनी बाहेरून पैसे आणि सवलती घेतल्या होत्या. १ जुलै २०२१ पासून चित्र पालटलं. कॉलेज खेळाडूंना आपल्या नावावर, चेहऱ्यावर, सहीवर कमाई करायची मोकळीक मिळाली. जाहिराती आल्या, करार आले. २०२५ पासून तर विद्यापीठंही थेट पैसे देऊ शकतात. बुशला त्याची ट्रॉफी २०२४ मध्ये परत मिळाली.

म्हणजे आता ऑगस्टच्या यादीतलं नाव हे त्याच ऑगस्टमधल्या कराराचं भांडवल आहे. जाहिरातीमुळे चेहरा घराघरांत, चेहऱ्यामुळे यादीत वर, यादीमुळे पुढची जाहिरात. पूर्वी पान आणि टाय पाठवायला विद्यापीठाला खर्च यायचा. आता शीतपेयाच्या कंपन्या तोच प्रचार खेळाडूला उलट पैसे देऊन करतात. ज्या जागांवर मुळातच नाव होत नाही, तिथल्या पोरांच्या वाट्याला यातलं थोडकंच येतं.

हे सगळं मी भाचीला दुसऱ्या आठवड्यात सांगितलं. तिनं शांतपणे ऐकून घेतलं आणि म्हणाली, "ते असू दे मामा, पण आमचा मेंडोझा नाव नसताना जिंकला की नाही?" म्हटलं, जिंकला, शंभर टक्के. आता मला एक सांग, त्याला वर्षभर कुणी हात लावू नये म्हणून त्याच्यापुढे जे पाच जण उभे राहिले, त्यांची नावं काय?

पलीकडे जरा शांतता. मग कीबोर्डचा आवाज.

"थांब हं," ती म्हणाली, "गूगल करते."